पदवीस्तरीय विद्यार्थी आणि उन्हाळी संशोधन अर्थसाहाय्य : ओळखीपासून अर्जापर्यंतचा इतिहास

सारांश

पदवीचे शिक्षण घेत असलेल्या विद्यार्थ्यास उन्हाळी सुट्टीत संशोधन करता यावे, त्यासाठी त्याला विद्यावेतन मिळावे आणि ते मिळविण्यासाठी त्याने रीतसर अर्ज करावा, ही पद्धत भारतात तुलनेने अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तरुण विद्यार्थ्याचा संशोधनातील प्रवेश बहुतांशी व्यक्तिगत ओळख, नातेसंबंध अथवा एखाद्या अधिकाऱ्याची शिफारस यांवर अवलंबून होता. स्वातंत्र्योत्तर काळात, आणि विशेषतः १९९० नंतर, त्याची जागा जाहिरात, अर्ज, गुण आणि शिफारसपत्र यांनी घेतली. या परिवर्तनाचा मागोवा घेऊन अर्जाच्या पद्धतीमुळे संशोधनाचे द्वार नेमके कोणासाठी खुले झाले, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : पदवी शिक्षण, उन्हाळी संशोधन, विद्यावेतन, शिफारसपत्र, संलग्न महाविद्यालय.

प्रस्तावना

उच्च शिक्षणाच्या इतिहासलेखनात विद्यापीठांची स्थापना, आयोगांचे अहवाल आणि कायदे यांना मोठे स्थान मिळाले आहे. त्या मानाने अर्ज, शिफारसपत्र, विद्यावेतनाची पावती यांसारख्या दैनंदिन कागदपत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वास्तविक, शिक्षणातील समतेचे तत्त्व प्रत्यक्षात उतरते की नाही, हे अशा कागदांतूनच अधिक स्पष्ट होते. कोणाला अर्ज करता येतो, कोणाच्या अर्जावर कोणाची सही लागते, पैसे कामाआधी मिळतात की कामानंतर, हे प्रश्न वरवर कारकुनी वाटले तरी त्यांच्या उत्तरांवर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरते.

उन्हाळी संशोधन अर्थसाहाय्य हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा विषय आहे. ही मदत रकमेने लहान व मुदतीने साधारणतः दोन महिन्यांची असते. तथापि पदवी शिक्षण आणि संशोधन यांच्यामधील भिंतीत ती एक खिडकी उघडते. ही खिडकी कशी निर्माण झाली, तीतून कोणी आत पाहिले आणि कोण बाहेर राहिले, याचा विचार पुढील उद्दिष्टांच्या आधारे केला आहे.

उद्दिष्टे

१) पदवीस्तरीय विद्यार्थ्यांच्या संशोधनसहभागाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) अमेरिका व भारत येथील उन्हाळी संशोधन योजनांच्या विकासाचा आढावा घेणे.
३) अर्जप्रक्रियेतील घटकांची सामाजिक अंगाने चिकित्सा करणे.
४) महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांच्या संदर्भात या इतिहासाचा अन्वयार्थ लावणे.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

१८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्यापुढे आदर्श होता तो लंडन विद्यापीठाचा. त्यामुळे अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे विद्यापीठाचे कार्य व शिकविणे हे महाविद्यालयाचे कार्य अशी विभागणी झाली. १८१० मध्ये बर्लिन येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाने अध्यापन आणि संशोधन यांच्या ऐक्याचा जो विचार रुजविला होता, त्याला या रचनेत स्थान नव्हते. विद्यार्थ्याने ज्ञान ग्रहण करावे व परीक्षेत ते उतरवून दाखवावे, एवढीच अपेक्षा होती.

हुशार विद्यार्थ्यास आर्थिक मदत करण्याची कल्पना मात्र नवी नव्हती. पेशवाईत विद्वानांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अमदानीत कालांतराने शिक्षणाकडे वळविण्यात आला आणि त्यातून दक्षिणा फेलोशिप निर्माण झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना विद्यार्थिदशेत ही फेलोशिप लाभली होती. परंतु तिचा हेतू पुढील अध्ययनाला आधार देण्याचा होता. नवे ज्ञान निर्माण करण्याची जबाबदारी तीत अभिप्रेत नव्हती. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना अध्यापक नेमण्याचा आणि संशोधनाला उत्तेजन देण्याचा अधिकार दिला. तरीही पदवीचा वर्ग त्यापासून दूरच राहिला. संशोधन झाले तर ते पदव्युत्तर विभागात, अथवा विद्यापीठाबाहेरील संस्थांत. महाराष्ट्रात १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ मधील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर ही या दुसऱ्या प्रवाहाची ठळक उदाहरणे होत.

ओळख, नाते आणि नकार : तीन उदाहरणे

अर्जाची पद्धत रूढ होण्यापूर्वी संशोधनाचे द्वार कसे उघडत असे, हे समजण्यासाठी तीन उदाहरणे उपयुक्त आहेत.

पहिले उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांचे. गणिताखेरीज अन्य विषयांकडे, विशेषतः इंग्रजीकडे, दुर्लक्ष झाल्यामुळे कुंभकोणमच्या महाविद्यालयातील त्यांची शिष्यवृत्ती गेली आणि पुढे पदवीही मिळाली नाही. १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी मंजूर केली. नियमानुसार ते तिला पात्र नव्हते. भारतीय वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांच्यासारख्या अधिकारी व्यक्तीची शिफारस आणि केंब्रिजच्या हार्डी यांनी दाखविलेली आस्था यांमुळे नियमाला अपवाद झाला. या शिष्यवृत्तीची अट म्हणून रामानुजन यांनी विद्यापीठाला तिमाही अहवाल सादर केले. अर्थसाहाय्य आणि अहवाल यांची जोडी त्या काळीही होती, हे येथे लक्षात घ्यावे. मात्र पात्रतेचा निकष ओलांडण्यासाठी वरिष्ठ वर्तुळातील व्यक्तीचा शब्द आवश्यक ठरला.

दुसरे उदाहरण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेत असताना १९२८ च्या उन्हाळ्यात ते कलकत्त्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रामन परिणामाचा शोध लागला होता. त्यामुळे जगातील भौतिकशास्त्राचे लक्ष त्या प्रयोगशाळेकडे वेधले गेले होते. १९२९ मध्ये, म्हणजे पदवी मिळण्यापूर्वीच, चंद्रशेखर यांचा लेख लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजच्या परिभाषेत सांगायचे तर हा आदर्श उन्हाळी संशोधन अनुभव होता. परंतु त्यासाठी जाहिरात निघाली नव्हती, अर्ज मागविले नव्हते. रामन हे चंद्रशेखर यांचे चुलते होते. चंद्रशेखर यांची प्रतिभा निर्विवाद होती. १९८३ च्या नोबेल पारितोषिकाने ती सर्वमान्य झाली. तरीही वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी त्या प्रयोगशाळेच्या उंबरठ्यापर्यंत त्यांना पोहोचविले ते नात्याने.

तिसरे उदाहरण कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांचे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विज्ञान पदवी परीक्षेत प्रथम क्रमांक मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. त्यांचे वडील व चुलते हे दोघेही त्या संस्थेचे विद्यार्थी होते. त्या वेळी संस्थेचे संचालकपद रामन यांच्याकडे आले होते. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून अर्ज नाकारण्यात आला. कमलाबाईंनी बंगळूरला जाऊन कारण विचारले आणि माघार घेतली नाही. शेवटी एक वर्षाच्या परीक्षणकाळाच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला आणि त्यांचे काम पाहून तो पुढे नियमित करण्यात आला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली.

कमलाबाई त्या वेळी पदवीधर होत्या आणि रामानुजन यांच्याकडे पदवीच नव्हती. त्यामुळे ही तीन उदाहरणे काटेकोरपणे एका स्तरावरील नाहीत. तथापि ती शेजारी ठेवून पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या प्रसंगी शिफारशीने नियम वाकविला, दुसऱ्या प्रसंगी नात्याने अर्जाची गरजच उरली नाही, आणि तिसऱ्या प्रसंगी सर्वोच्च गुण, संस्थेशी घरचा संबंध व रीतसर अर्ज असूनही नकार मिळाला. अर्ज ही त्या काळी विनंती होती, हक्क नव्हता. ती मान्य करणे वा फेटाळणे सर्वस्वी एका व्यक्तीच्या इच्छेवर होते. अर्जाची निश्चित, जाहीर आणि सर्वांना समान पद्धत का आवश्यक ठरली, याचे उत्तर या इतिहासात आहे.

अमेरिकेतील घडण

पदवीस्तरीय संशोधनाला सार्वजनिक निधीचा आधार मिळाला तो मुख्यतः अमेरिकेत. तेथे १९५० मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची स्थापना झाली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडल्यानंतर विज्ञान शिक्षणाकडे राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहिले जाऊ लागले आणि त्या दशकाच्या अखेरीस प्रतिष्ठानाने पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधनसहभागासाठी निधी देण्यास आरंभ केला. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी शिक्षणावरील तरतूद घटली तेव्हा हा उपक्रम बंद पडला. १९८७ मध्ये तो नव्या नावाने व नव्या रचनेने पुन्हा सुरू झाला. या रचनेत प्रतिष्ठान विद्यार्थ्याला थेट पैसे देत नाही. एखाद्या विद्यापीठातील विभागाला अनुदान मिळते, तो विभाग अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून अर्ज मागवितो आणि निवडलेल्या लहानशा गटाला उन्हाळ्यात विद्यावेतन देतो. अर्थात हा लाभ अमेरिकेच्या नागरिकांना व कायम रहिवाशांनाच मिळतो.

दरम्यान १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकार यांनी पदवी विद्यार्थ्यांसाठी संशोधन संधींचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थी प्राध्यापकाच्या चालू संशोधनात कनिष्ठ सहकारी म्हणून सामील होई आणि त्याबद्दल त्याला श्रेयांक अथवा वेतन मिळे. संशोधन हे शिक्षण आहे आणि श्रमही आहे, ही दुहेरी मान्यता या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य होय. तिचे महत्त्व पुढे महाराष्ट्राच्या संदर्भात दिसून येईल.

आणखी एक टप्पा विशेष उल्लेखनीय आहे. १९८६ च्या चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत मृत्यू पावलेले कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञ व अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर यांच्या नावाने अमेरिकन शासनाने एक योजना सुरू केली. ज्यांच्या कुटुंबात आधी कोणी पदवीधर नाही अशा अल्प उत्पन्न गटातील आणि उच्च शिक्षणात अल्पप्रमाणात असलेल्या समाजांतील पदवी विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी देऊन डॉक्टरेटकडे नेणे हा तिचा उद्देश होता. म्हणजेच केवळ अर्जाची खुली पद्धत पुरेशी नसते, हे अमेरिकन व्यवस्थेने तीस वर्षांच्या अनुभवानंतर स्वीकारले.

स्वातंत्र्योत्तर भारत : प्रज्ञाशोध आणि प्रयोगशाळा

स्वतंत्र भारतात संशोधनाचा विस्तार झपाट्याने झाला, पण तो प्रामुख्याने राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या रूपाने. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ पासूनच कार्यरत होती. या संस्थांनी देशाच्या विज्ञानाला उंची दिली यात शंका नाही. मात्र त्यामुळे उत्तम उपकरणे व उत्तम संशोधक एका बाजूस आणि पदवीचे लाखो विद्यार्थी दुसऱ्या बाजूस अशी स्थिती निर्माण झाली. एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरावर, ही दोन जगे परस्परांना अपरिचित राहिली.

हे अंतर कमी करण्याचा पहिला देशव्यापी प्रयत्न म्हणून राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजनेचा निर्देश करावा लागेल. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ मध्ये दिल्लीत केवळ १० शिष्यवृत्त्यांनी तिचा आरंभ केला आणि दुसऱ्याच वर्षी देशभरात ३५० शिष्यवृत्त्या देऊ केल्या. लेखी परीक्षेबरोबर प्रकल्प अहवाल आणि मुलाखत यांचाही निवडीत समावेश होता. मूलभूत विज्ञानाचे शिक्षण घेणाऱ्या शिष्यवृत्तीधारकांसाठी उन्हाळी वर्ग भरविले जात. पदवीचा विद्यार्थी सुट्टीत संशोधकांच्या सहवासात यावा, हा विचार येथे प्रथमच शासकीय योजनेच्या चौकटीत आला. १९७६ नंतर योजनेचे स्वरूप बदलले. सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी व वैद्यक यांचा समावेश होऊन ती राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजना झाली आणि मूलभूत विज्ञानातील संशोधनाशी असलेला तिचा थेट संबंध सैल झाला. ३१ मार्च २०२१ नंतर ती योजनाही स्थगित झाली.

याच काळात, म्हणजे १९६३ पासून, अमेरिकन साहाय्याने विज्ञान शिक्षकांसाठी उन्हाळी शिक्षणसंस्थाही भरू लागल्या होत्या. अमेरिकेकडून आपण उन्हाळ्याचा उपयोग घेतला तो शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी. विद्यार्थ्याला संशोधनात सामील करून घेण्याचा भाग मागे राहिला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात अध्यापन व संशोधन यांची सांगड घालण्यावर भर दिला होता. तरीही संलग्न महाविद्यालयाच्या पदवी वर्गापर्यंत हा भर पोहोचला नाही.

१९९० नंतरचा विस्तार

१९९० च्या दशकात चित्र बदलू लागले. मूलभूत विज्ञानाकडे येणारा विद्यार्थ्यांचा ओघ अभियांत्रिकी व संगणक क्षेत्राकडे वळत असल्याची चिंता वैज्ञानिक संस्था व्यक्त करीत होत्या. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राने आणि १९३४ मध्ये रामन यांनीच स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीने उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अकादमीचा कार्यक्रम २००७ पासून देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांचा संयुक्त कार्यक्रम झाला. विद्यार्थ्यांबरोबरच महाविद्यालयीन शिक्षकांनाही त्यात अर्ज करण्याची मुभा ठेवण्यात आली, ही बाब प्राध्यापकवर्गाने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

एक ऐतिहासिक योगायोग येथे नोंदविला पाहिजे. ज्या रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचा पुतण्या उन्हाळ्यात अर्जाविना दाखल झाला, त्याच रामन यांनी स्थापन केलेल्या अकादमीने पुढे अपरिचित विद्यार्थ्यांकडून अर्ज मागविले. या संशोधनसंस्कृतीचा ओळखीकडून अर्जाकडे झालेला प्रवास यातून दिसून येतो.

१९९९ मध्ये केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना सुरू केली. तीत मासिक विद्यावेतनाबरोबर प्रयोगशाळा भेटी व उन्हाळी शिबिरे यांचा समावेश होता. २०२२ मध्ये ही योजना ‘इन्स्पायर’मध्ये विलीन करण्यात आली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीपूर्व विज्ञानासाठी राष्ट्रीय उपक्रम हाती घेतला. साध्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना सुट्ट्यांमधील शिबिरांत बोलावून, त्यांच्यातील निवडकांकडून प्रदीर्घ काळ प्रकल्प करवून घेणे ही त्याची पद्धत होती. २००६ मध्ये महाराष्ट्रात विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवास प्रारंभ झाला आणि पदवी विद्यार्थ्यांनाही त्यात स्थान मिळाले.

डिसेंबर २००८ मध्ये प्रारंभ झालेल्या ‘इन्स्पायर’ योजनेने या इतिहासात महत्त्वाची भर घातली. तिच्यातील उच्च शिक्षण शिष्यवृत्तीची रक्कम वार्षिक ८०,००० रुपये ठरविण्यात आली. त्यांपैकी ६०,००० रुपये विद्यार्थ्याच्या हाती आणि २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी, अशी विभागणी होती. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळातील वरच्या एक टक्क्यात येणाऱ्या आणि मूलभूत विज्ञान निवडणाऱ्या विद्यार्थ्याला ती उपलब्ध झाली. संशोधन ही ऐच्छिक बाब न राहता शिष्यवृत्तीची अट बनली. त्यामुळे लहान गावातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यालाही मार्गदर्शक शोधणे क्रमप्राप्त झाले. रक्कम मंजूर होती. पण मार्गदर्शकास गाठायचे कसे, हा प्रश्न विद्यार्थ्यावरच सोपविण्यात आला होता.

या संपूर्ण विस्तारात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांना मिळालेले स्थान नगण्य आहे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ मध्ये आणि भारतीय इतिहास संशोधन परिषद १९७२ मध्ये स्थापन झाली; परंतु या परिषदांच्या शिष्यवृत्त्यांचा रोख डॉक्टरेट व त्यापुढील संशोधनाकडे राहिला. इतिहासाच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्याने सुट्टीत मोडी कागदपत्रे वाचावीत वा मराठीच्या विद्यार्थ्याने बोलीचे नमुने गोळा करावेत, हे देखील संशोधनच आहे. उपरोक्त प्रमुख उन्हाळी योजनांनी मात्र प्रयोगशाळेबाहेरच्या या कामाची दखल घेतली नाही.

अर्जाचे अंतरंग

उन्हाळी शिष्यवृत्तीच्या अर्जात सामान्यतः चार घटक असतात : गुणपत्रके, स्वतःच्या संशोधनरुचीविषयीचे निवेदन, अध्यापकाचे शिफारसपत्र आणि महाविद्यालयाचे प्रमाणपत्र. हे चारही घटक वरकरणी तटस्थ आहेत. परंतु प्रत्येकाला इतिहास आहे आणि प्रत्येकाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

गुणपत्रक हा परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा वारसा होय. संशोधनाची जिज्ञासा आणि परीक्षेतील प्रावीण्य या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत, हे रामानुजन यांच्या उदाहरणाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. तरी छाननीचे पहिले साधन म्हणून गुणांचाच वापर होत राहिला. भिन्न विद्यापीठांच्या गुणदानाच्या परंपरा भिन्न असल्याने ही तुलनाही निर्दोष नसते.

निवेदन सामान्यतः इंग्रजीत लिहावे लागते. ‘आपणास कोणता विषय अभ्यासावयाचा आहे व का’ या प्रश्नाला पदवी वर्गातील विद्यार्थ्याने यापूर्वी कधी उत्तर दिलेले नसते. त्याच्या उत्तरपत्रिकांत ‘का’ला वावच नसतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे येथे दोन अडचणी एकाच वेळी उभ्या राहतात. एक भाषेची आणि दुसरी, अधिक खोल, स्वतःचा प्रश्न स्वतः मांडण्याच्या सवयीची. पहिली अडचण दिसते म्हणून तिची चर्चा होते. दुसरी दिसत नाही आणि तिच्यावर इंग्रजी संभाषणाचे वर्ग हा उपाय होऊ शकत नाही.

शिफारसपत्र हा जुन्या ओळखीच्या पद्धतीचा नव्या पद्धतीत टिकून राहिलेला अंश होय. वॉकर यांच्या पत्राने जे साधले तेच आजच्या पत्राकडून अपेक्षित असते. मात्र शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकास एका विद्यार्थ्याविषयी नेमके काय लिहिता येईल? परिणामी ‘विद्यार्थी हुशार, कष्टाळू व सद्वर्तनी आहे’ अशा ठरावीक मजकुराची पत्रे तयार होतात. निवड समितीला त्यातून काहीच समजत नाही. ज्या संस्थेत प्राध्यापक स्वतः संशोधन करतात आणि विद्यार्थी त्यांच्याकडे प्रकल्प करतात, तेथील पत्रात मात्र विद्यार्थ्याने केलेले काम, त्याने विचारलेला प्रश्न, त्याची चूक व तिची दुरुस्ती यांचा तपशील येतो. दोन विद्यार्थ्यांच्या क्षमतेत फरक नसताना त्यांच्या पत्रांत पडणारा हा फरक निर्णायक ठरतो.

महाविद्यालयाचे प्रमाणपत्र ही सर्वांत सोपी गोष्ट. तथापि सही व शिक्का वेळेत मिळणे हे कार्यालयाच्या तत्परतेवर अवलंबून असते. उन्हाळ्यासाठीचे अर्ज बहुधा आधीच्या हिवाळ्यात मागविले जातात. सूचनाफलकावर माहिती लागेपर्यंत मुदत टळून गेलेली असणे अशक्य नाही. त्याखेरीज वेळापत्रकाचा प्रश्न आहे. विद्यापीठाची परीक्षा लांबून मे महिन्यात गेली, तर निवड होऊनही शिष्यवृत्ती सोडण्याची वेळ विद्यार्थ्यावर येते.

उन्हाळ्याचा अर्थ

‘उन्हाळी सुट्टी’ या शब्दात मोकळा वेळ गृहीत धरलेला आहे. महाराष्ट्रातील मोठ्या विद्यार्थिवर्गाच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. शेतकरी कुटुंबात हे दिवस खरिपापूर्वीच्या मशागतीचे असतात. मजूर कुटुंबात ते कमाईचे, आणि मुलींच्या बाबतीत अनेकदा घरकामाचे व लग्नाच्या बोलणीचे असतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा व शिका’ या तत्त्वाला महाविद्यालयीन रूप दिले, ते याच वास्तवाची जाण ठेवून. श्रम करणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षण मिळावे आणि शिकणाऱ्यास श्रमाची लाज वाटू नये, हा त्या तत्त्वाचा आशय होता.

या पार्श्वभूमीवर उन्हाळी विद्यावेतनाचा अर्थ बदलतो. सुस्थित घरातील विद्यार्थ्यासाठी ते प्रोत्साहन असते; गरजू विद्यार्थ्यासाठी ते बुडालेल्या मजुरीची भरपाई असते. ते कामाच्या अखेरीस मिळणार असेल आणि प्रवासखर्चाची प्रतिपूर्तीही तिकिटे सादर केल्यावर होणार असेल, तर बंगळूर वा कलकत्त्यापर्यंत जाण्याचे, राहण्याचे व पहिल्या महिन्याच्या जेवणाचे पैसे आधी कोणी द्यायचे हा प्रश्न उरतोच. मंजूर झालेली शिष्यवृत्ती अशा वेळी कागदावरच राहू शकते. संशोधन हे शिक्षण आहे आणि श्रमही आहे, ही १९६९ च्या अमेरिकन कार्यक्रमातील दृष्टी आणि ‘कमवा व शिका’ची दृष्टी यांचा उगम भिन्न असला तरी त्यांचे मर्म जुळते. विद्यार्थ्याच्या वेळेला मोल आहे, हे दोन्ही मान्य करतात.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) भारतातील पदवी शिक्षण १८५७ पासून परीक्षाकेंद्रित राहिले. संशोधन प्रथम विद्यापीठबाह्य संस्थांत व नंतर राष्ट्रीय प्रयोगशाळांत केंद्रित झाल्याने पदवी विद्यार्थी त्यापासून दूर राहिला.

२) अर्जाची पद्धत ही ओळख व नातेसंबंध यांच्या तुलनेत निश्चितच न्याय्य आहे. कमला सोहोनी यांच्या वाट्याला आलेला नकार आजच्या जाहीर निकषांच्या चौकटीत उघडपणे देता येणार नाही, ही मोठी प्रगती होय.

३) तथापि अर्जातील निवेदन, शिफारसपत्र आणि आगाऊ खर्च या घटकांतून जुनी विषमता नव्या रूपात टिकून राहिली आहे. द्वार उघडे आहे. त्याच्यापर्यंत जाणारी वाट सर्वांना सारखी नाही.

४) मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांतील पदवी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाची तुल्यबळ परंपरा निर्माण झाली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत ‘संशोधनासह ऑनर्स’ हा मार्ग उपलब्ध झाला असून पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण ही त्याची अट आहे. म्हणजे संशोधनाच्या दारावर पुन्हा गुणपत्रक उभे आहे. या स्थितीत संलग्न महाविद्यालयांना शासकीय निर्णयाची वाट न पाहता काही गोष्टी करता येतील. उपलब्ध योजनांची व त्यांच्या मुदतींची नोंदवही ठेवून ती प्रत्येक वर्षाच्या ऑगस्टपासून वर्गात वाचून दाखविणे, द्वितीय वर्षापासून प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्यास एखादा लहान प्रकल्प देणे व त्यावर आधारित शिफारसपत्र लिहिणे, निवेदनाचा पहिला खर्डा मराठीत लिहवून घेणे, आणि निवड झालेल्या विद्यार्थ्यास विद्यार्थी साहाय्य निधीतून प्रवासासाठी परतफेडीच्या अटीवर उचल देणे, या त्या गोष्टी होत. यांपैकी एकीलाही फार मोठा खर्च नाही.

चंद्रशेखर यांना प्रयोगशाळेपर्यंत नेणारे चुलते घरातच होते. ज्या विद्यार्थ्याच्या घरात असे कोणी नाही, त्याच्या बाबतीत ती जबाबदारी महाविद्यालयातील प्राध्यापकावर येते. अर्जाच्या पद्धतीचा इतिहास अखेर या जबाबदारीपाशी येऊन थांबतो.